ल्यूपस : रक्तातील दोष आणि मनाचा विकार

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्हा भाताचा आणि तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. पाऊस स्थिरावला की येथील बांध्यांतून रोवणीची लगबग सुरू होते. दिवसभर चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या स्त्रीचे सांधे दुखले, अंगात कणकण आली, उघडीप पडताच उन्हाने चेहरा लाल झाला, तर त्यात कोणाला नवल वाटत नाही. हे दुखणे श्रमाचे मानले जाते आणि बहुतेक वेळा ते तसेच असते.

एखाद्या घरी मात्र हे दुखणे रोवणी संपली तरी संपत नाही. ताप येत-जात राहतो, केस झडू लागतात, तोंडात व्रण उठतात, पायांवर सूज दिसते. आणि मग एके दिवशी ती स्त्री असंबद्ध बोलू लागते. तिला नसलेले आवाज ऐकू येतात, घरच्याच माणसांचा संशय येतो, रात्र-रात्र झोप लागत नाही. या क्षणी घरातील मंडळी आधीचे सर्व दुखणे विसरतात. सांधेदुखी निराळी आणि ही 'बाहेरची बाधा' निराळी, असे ठरवून कोणी मांत्रिकाकडे जाते, तर कोणी 'वेड लागले' म्हणून तिला माहेरी पोचवून मोकळे होते.

अशा काही रुग्णांच्या बाबतीत दुखणारे सांधे आणि बिघडलेले मन या दोन्हींच्या मुळाशी एकच आजार असतो. त्याचे नाव ल्यूपस. तो वेळीच ओळखला तर त्यावर उपचार आहेत. न ओळखल्यास मूत्रपिंड, मेंदू आणि प्रसंगी प्राणही गमवावे लागतात. म्हणूनच गावाच्या आरोग्याशी ज्यांचा संबंध येतो अशा प्रत्येक कार्यकर्त्याला या आजाराची तोंडओळख असणे आवश्यक आहे.

कुंपणच शेत खाते तेव्हा

शरीरात शिरणाऱ्या रोगजंतूंशी लढण्याचे काम रक्तातील पांढऱ्या पेशी करतात. त्यांपैकी काही पेशी विशिष्ट प्रकारची प्रथिने तयार करतात. या प्रथिनांना प्रतिपिंडे म्हणतात. प्रत्येक प्रतिपिंड एका ठरावीक परक्या पदार्थालाच चिकटते आणि त्याचा नाश घडवून आणते. गोवराची किंवा धनुर्वाताची लस टोचल्यानंतर शरीरात जे संरक्षण निर्माण होते, त्यात अशा प्रतिपिंडांचा मोठा वाटा असतो.

आपले कोण आणि परके कोण, हे ओळखण्याची शक्ती ही या व्यवस्थेची खरी किल्ली होय. ही ओळख बिघडली की शरीर स्वतःच्याच घटकांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागते. त्यांना स्वप्रतिपिंडे असे म्हणतात. शेताच्या राखणीसाठी घातलेले कुंपणच शेत खाऊ लागावे, तसा हा प्रकार आहे.

ल्यूपसमध्ये स्वप्रतिपिंडांचा रोख प्रामुख्याने पेशींच्या केंद्रकातील द्रव्यांवर असतो. त्वचेच्या पेशी कडक उन्हाने मरतात, तेव्हा केंद्रकातील ही द्रव्ये उघडी पडतात. स्वप्रतिपिंडे त्यांना चिकटतात आणि दोहोंचे पुंजके रक्तातून वाहत जाऊन मूत्रपिंडात, सांध्यांत व सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. तेथे दाह सुरू होतो. उन्हात गेल्यावर अनेक रुग्णांचा आजार उसळतो, त्याचे हे एक कारण आहे.

हा आजार संसर्गजन्य नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने, कपड्यांमुळे किंवा स्पर्शाने तो दुसऱ्याला होत नाही. आनुवंशिक प्रवृत्ती, संप्रेरके, ऊन आणि काही जंतुसंसर्ग अशा अनेक कारणांच्या संयोगातून तो उद्भवतो. दर दहा रुग्णांमागे सुमारे नऊ स्त्रिया असतात आणि बहुतेकींना तो पंधरा ते पंचेचाळीस या वयात, म्हणजे शिक्षण, विवाह व बाळंतपण यांच्या काळात गाठतो.

दिल्लीनजीकच्या ग्रामीण भागातील एका पाहणीत ल्यूपसचे प्रमाण लाखामागे सुमारे ३ आढळल्याचे १९९३ साली प्रसिद्ध झाले. २०११ च्या जनगणनेनुसार भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख होती. तेच प्रमाण येथे धरल्यास जिल्ह्यात असे तीस-चाळीस रुग्ण असावेत. संख्या लहान आहे खरी. परंतु संख्या लहान असल्यामुळेच हा आजार कोणाच्या चटकन ध्यानात येत नाही.

स्वप्रतिपिंडांचा शोध

'ल्यूपस' या लॅटिन शब्दाचा अर्थ लांडगा. चेहऱ्यावरील व्रण लांडग्याने लचका तोडल्यासारखे दिसतात, या जुन्या समजुतीतून हे नाव आले. हा केवळ त्वचेचा रोग नसून सर्व शरीराला ग्रासणारा आहे, हे व्हिएन्ना येथील वैद्य मोरिट्झ कापोसी यांनी १८७२ मध्ये दाखवून दिले. तो कशामुळे होतो, हे मात्र पुढे पाऊणशे वर्षे अज्ञातच राहिले.

१९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ल्यूपसच्या रुग्णांच्या अस्थिमज्जेत एक विलक्षण पेशी आढळली. तिने दुसऱ्या पेशीचे केंद्रक गिळलेले होते. केंद्रकाविरुद्ध काम करणारा कोणता तरी घटक रुग्णाच्या रक्तात असावा, असा तर्क त्यावरून निघाला. १९५७ च्या सुमारास निरनिराळ्या प्रयोगशाळांनी तो घटक म्हणजे स्वप्रतिपिंडेच असल्याचे सिद्ध केले. केंद्रकातील डीएनए या आनुवंशिक द्रव्याविरुद्धची प्रतिपिंडेही त्याच काळात सापडली. आज ल्यूपसचा संशय येताच प्रथम जी रक्तचाचणी करतात, ती केंद्रकविरोधी प्रतिपिंडांची, म्हणजेच एएनए चाचणी होय.

मेंदूपर्यंतची वाट

रक्तातील दोषाचा मनाशी संबंध कसा पोचतो, हा प्रश्न साहजिक आहे. मन हे मेंदूच्या कार्यावर अवलंबून असते आणि मेंदूचे संरक्षण निसर्गाने विशेष काळजीने केलेले आहे. मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट विणलेल्या असतात की प्रतिपिंडांसारखे मोठे रेणू सहसा त्यांतून पलीकडे जात नाहीत. ल्यूपसमध्ये हा आडपडदा काही वेळा सैल होतो, आणि मग रक्तातील स्वप्रतिपिंडे मेंदूच्या पेशींपर्यंत पोचू शकतात. या संदर्भात तीन प्रकारच्या स्वप्रतिपिंडांचा विशेष अभ्यास झाला आहे.

पहिला प्रकार रायबोसोम-पी प्रतिपिंडांचा. रायबोसोम म्हणजे पेशीतील प्रथिने घडवणारे सूक्ष्म कारखाने. ब्राझीलच्या डॉ. एलोइझा बोन्फा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये असे प्रसिद्ध केले की, ल्यूपसमुळे चित्तभ्रम झालेल्या २० रुग्णांपैकी १८ जणांच्या रक्तात ही प्रतिपिंडे होती. मनोविकाराचा संबंध एका ठरावीक प्रतिपिंडाशी जोडणारे हे निरीक्षण वैद्यकविश्वात गाजले. पुढे २००७ मध्ये चिली देशातील संशोधकांनी, ही प्रतिपिंडे मेंदूतील चेतापेशींच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनालाही चिकटतात, असे दाखविले.

दुसरा प्रकार डीएनएविरोधी प्रतिपिंडांपैकी काहींचा. न्यूयॉर्क येथील डॉ. बेटी डायमंड यांच्या गटाने २००१ मध्ये दाखविले की, अशी काही प्रतिपिंडे चेतापेशींवरील एनएमडीए ग्राहकांनाही चिकटतात. हे ग्राहक स्मरणाशी व शिकण्याशी निगडित आहेत. त्यानंतर याच गटाने उंदरांवर जे प्रयोग केले, ते बोलके आहेत. जंतूंमधील एका विषारी द्रव्याने मेंदूचा आडपडदा सैल केला, तेव्हा स्मरणाशी संबंधित भागातील पेशी मेल्या आणि उंदरांची स्मृती बिघडली. तोच पडदा ॲड्रेनलिन या संप्रेरकाने सैल केला, तेव्हा भीतीशी संबंधित भागाला इजा झाली आणि त्यांच्या भयभावनेत फरक पडला. प्रतिपिंडे तीच, दरवाजा कोठे उघडला, त्यावर लक्षण ठरले. एका रुग्णास विस्मरण होते आणि दुसऱ्यास भीती किंवा भास का होतात, याचा काही उलगडा या प्रयोगांतून होतो. अर्थात उंदरांतील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

तिसरा प्रकार फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडांचा. लंडनचे डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये त्यांच्यामुळे होणाऱ्या लक्षणसमूहाचे वर्णन केले. या प्रतिपिंडांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढते. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यास अर्धांगवायू, आकडी किंवा बुद्धिमांद्य येऊ शकते. वारंवार गर्भपात होणे हेही याच दोषाचे एक लक्षण आहे. ज्या स्त्रीस असे गर्भपात होतात तिला गावात दूषणे दिली जातात; वस्तुतः तिला गरज असते ती रक्ततपासणीची.

महाराष्ट्रातही या विषयावर काम झाले आहे. मुंबईत परळ येथे केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्था आहे. १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून तिची सुरुवात झाली. या संस्थेतील डॉ. वंदना प्रधान, डॉ. कांजाक्ष घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातील ल्यूपस रुग्णांची चेता-मानसिक लक्षणे व त्यांच्या रक्तातील स्वप्रतिपिंडे यांचा अभ्यास करून तो २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. हा प्रश्न केवळ परदेशांतील रुग्णांचा नाही, हे त्यावरून स्पष्ट होते.

चाचणी म्हणजे निर्णय नव्हे

इतके संशोधन झाले असले, तरी रक्ताच्या एका चाचणीवरून मनोविकाराचे कारण ठरवता येत नाही, ही बाब ध्यानात ठेवली पाहिजे. १९८७ च्या आशादायक निरीक्षणानंतर अनेक देशांतील माहिती एकत्र करून २००६ मध्ये जे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात ल्यूपसचा मेंदूवर किंवा मनावर परिणाम झालेल्या रुग्णांपैकी केवळ २६ टक्क्यांमध्ये रायबोसोम-पी प्रतिपिंडे आढळली. ज्यांना असा त्रास नव्हता, त्यांच्यातही सुमारे २० टक्क्यांत ती होतीच. म्हणजे चाचणी सदोष आली म्हणून ल्यूपसने मनावर आघात केला असे होत नाही, आणि निर्दोष आली म्हणून धोका टळला असेही नाही.

एएनए चाचणीचेही तसेच आहे. ल्यूपसच्या बहुतेक सर्व रुग्णांमध्ये ती सदोष येते. परंतु १:८० या पातळीवर निरोगी व्यक्तींपैकी सुमारे १३ टक्क्यांमध्येही ती सदोष आढळते. म्हणून केवळ कागदावरील अहवाल पाहून घाबरू नये आणि कोणाच्या कपाळी आजाराचा शिक्काही मारू नये. लक्षणे, तपासणी आणि चाचण्या यांचा एकत्र विचार करूनच डॉक्टर निदान करतात.

ल्यूपसच्या रुग्णाचे मन अन्य कारणांनीही बिघडू शकते. मेंदूज्वर, हिवताप, क्षयाचा मेंदूवरील परिणाम, मूत्रपिंड निकामी होणे ही कारणे आधी पडताळावी लागतात. कारण त्यांचे उपचार वेगळे आहेत. उपचारासाठी दिलेली स्टेरॉइड औषधेही मोठ्या मात्रेत मनावर परिणाम करतात. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत दररोज ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन घेणाऱ्यांपैकी सुमारे १ टक्क्यास, तर ८० मिलिग्रॅमहून अधिक घेणाऱ्यांपैकी १८ टक्क्यांस मानसिक लक्षणे उद्भवली होती. अशा वेळी औषध कमी करावयाचे की वाढवावयाचे, हा निर्णय अनुभवी डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो. घरच्यांनी परस्पर स्टेरॉइड बंद केल्यास रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. याखेरीज दीर्घ आजाराचे दुःख, खर्चाची चिंता आणि सुटलेली मजुरी यांनी येणारे नैराश्य हेही तितकेच खरे आहे.

भंडाऱ्यात निदान अवघड का

ल्यूपसची लक्षणे या भागातील अन्य आजारांच्या लक्षणांशी मिळतीजुळती आहेत. विदर्भात सिकलसेलचा प्रादुर्भाव आहे. त्यातही अंगदुखी, ताप व पंडुरोग असतो. हिवतापात ताप व बेशुद्धी असते. चेहऱ्यावरील चट्ट्यांमुळे कुष्ठरोगाची शंका येते. हे आजार जिल्ह्याच्या परिचयाचे असल्यामुळे विचार प्रथम त्यांच्याकडे वळतो, आणि तो वळणे योग्यही आहे. मात्र त्यांच्या तपासण्या निर्दोष आल्यानंतरही दुखणे चालूच राहिले, तर शोध तेथेच थांबवू नये.

पुढील खुणा एकत्र दिसल्यास ल्यूपसचा विचार करावा : सहा आठवड्यांहून अधिक काळ एकाहून अधिक सांध्यांत वेदना व सूज, उन्हाने वाढणारा, नाकाच्या दोन्ही बाजूंस गालांवर पसरणारा लाल चट्टा, वारंवार येणारा ताप, तोंडातील व्रण, केस झडणे, पायांवर सूज किंवा लघवीस फेस येणे, पंडुरोग, आणि त्यासोबत नव्याने उद्भवलेली आकडी, भास, संशय किंवा गोंधळ. सर्वच खुणा प्रत्येकीत असतील असे नाही.

संशय येताच करावयाची पहिली तपासणी अगदी साधी आहे. लघवीतील प्रथिनांची तपासणी आणि रक्तपेशींची गणना या तपासण्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा ग्रामीण रुग्णालयातून करून घेता येतात. लघवीत प्रथिने आढळल्यास मूत्रपिंडास इजा होत असल्याची ती सूचना असते, मग रुग्णास वेदना नसल्या तरीही. त्यानंतर भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालय आणि तेथून गरजेनुसार नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, २०१८ मध्ये सुरू झालेली नागपूरची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था किंवा सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था येथे रुग्णास पाठवता येते. भंडारा ते नागपूर हे अंतर सुमारे ६० किलोमीटरचे आहे. वाटेत जाणारा वेळ त्यामानाने थोडा असतो. खरा वेळ जातो तो घरात निर्णय होण्यात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतून तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत, ही माहिती प्रत्येक घरी पोचणे जरुरीचे आहे.

उपचार आणि आशा

ल्यूपस समूळ बरा होत नाही, परंतु तो आटोक्यात ठेवता येतो. हिवतापावरील औषधांच्या कुळातील हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे उपचाराचा पाया समजले जाते. ते स्वस्त आहे. मात्र दीर्घकाळ घेताना डोळ्यांची नियमित तपासणी करावी लागते. आजार उसळल्यास स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्तीस आवर घालणारी अन्य औषधे देतात. रक्ताच्या गुठळ्यांचा दोष असल्यास रक्त पातळ ठेवणारी औषधे लागतात. भास व संशय यांवर मानसोपचारतज्ज्ञ स्वतंत्र औषधे देतात. दोन्ही उपचार एकमेकांस पूरक आहेत. एक सुरू केला म्हणून दुसरा सोडावयाचा नसतो.

ल्यूपसमुळे होणारा चित्तभ्रम तसा विरळा आहे. निरनिराळ्या देशांतील १,८२६ रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो २८ रुग्णांना झाल्याचे आढळले. तो बहुधा आजाराच्या पहिल्या तीन वर्षांत किंवा निदान होण्यापूर्वीच आला, आणि बहुसंख्य रुग्णांमध्ये तो उपचारानंतर ओसरला. याचा अर्थ असा की, ज्या स्त्रीस आज घर 'कायमची वेडी' ठरवते, ती काही महिन्यांनी पुन्हा आपल्या मुलांना शाळेत सोडताना दिसू शकते. आजार शांत असताना, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अशा अनेक स्त्रिया सुखरूप बाळंतही होतात.

गावाने काय करावे

या कामी शिक्षकांचे निरीक्षण मोलाचे ठरते. एखादी हुशार विद्यार्थिनी अचानक विसरभोळी झाली, प्रार्थनेच्या वेळी उन्हात उभी राहिली की तिचा चेहरा लाल होतो, बोटे दुखतात म्हणून ती लिहीत नाही, असे दिसल्यास तिला आळशी न ठरवता पालकांशी बोलावे. निदान झालेल्या मुलीस सावलीत बसण्याची मुभा द्यावी आणि हा रोग लागट नाही हे वर्गाला समजावून सांगावे.

पंचायत सदस्य, आशा आणि अंगणवाडी सेविका यांनी 'बाधा झाली' अशी वार्ता कानी येताच एक प्रश्न आवर्जून विचारावा : याआधी तिला ताप, सांधेदुखी किंवा अंगावर सूज होती काय? उत्तर होकारार्थी असल्यास त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. आकडी, बेशुद्धी किंवा आत्महत्येची भाषा असल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. मानसिक त्रासाबाबत सल्ल्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

अधिकाऱ्यांच्या हाती कायद्याचे बळही आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरविण्याच्या बहाण्याने एखाद्यास दोराने वा साखळीने बांधणे, मारहाण करणे किंवा मिरचीची धुरी देणे हा गुन्हा असून त्यास सहा महिने ते सात वर्षे कारावास व पाच ते पन्नास हजार रुपये दंडाची तरतूद आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही मनोरुग्णास साखळदंडाने जखडण्यास मनाई केली आहे. तथापि घरच्या मंडळींची श्रद्धा दुखवून त्यांना दूर लोटण्यापेक्षा, 'देवदर्शन करा, पण औषध आधी सुरू करा' असे समजावणे अनेकदा अधिक फलदायी ठरते. जेथे छळ होत असेल, तेथे मात्र कायद्याचा आधार घेण्यास कचरू नये.

मनाचा विकार म्हणजे लाज नव्हे, आणि तो नेहमी मनातूनच उपजतो असेही नाही. काही वेळा त्याचे मूळ रक्तात असते, जेथे शरीराचे रक्षकच घरच्यांना परके समजू लागलेले असतात. अशा वेळी निदान घरच्यांनी तरी तिला परकी समजू नये. तिच्या आधीच्या दुखण्याची कोणी विचारपूस केली आणि लघवीची एक साधी तपासणी वेळेवर झाली, तर पुढील रोवणीच्या हंगामात तीही सावलीच्या बांधावर बसून इतरांसोबत शिदोरी सोडू शकेल.